कावळ्यांची राखण

मी माझ्या मुलीला एकदाच मारलं आहे. हे वाक्य मी लोकांना सांगतो तेव्हा 'एकदाच' या शब्दावर नकळत जोर देतो, जणू त्याबद्दल कुणी शाबासकी देणार आहे.

झालं असं की तिने खालच्या मजल्यावरच्या छोट्या मुलीचे पुढचे केस कापले. उद्या त्यांच्या घरी लग्न, आणि आज ही पेपर कापायची कात्री घेऊन 'पार्लर पार्लर' खेळत होती. शेजारीण त्या पोरीला हाताला धरून आमच्या दारात उभी राहिली. पोरीच्या कपाळावर झाडूच्या टोकासारखं काहीतरी उभं होतं, आणि ती स्वतः मात्र फार खूश होती. मी वळलो आणि आमच्या मुलीच्या गालावर एक ठेवून दिली.

शेजारीणच घाबरली. "अहो, राहू दे, राहू दे! केस काय, येतील परत."

खरं सांगायचं तर मला राग आलाच नव्हता. मनातून थोडं हसूच येत होतं. मी मारलं ते शेजारीण बघत होती म्हणून. बाप म्हणून काहीतरी करायला हवं होतं, आणि हात सगळ्यात जवळ होता.

गालावरची लाली संध्याकाळपर्यंत गेली. दुसऱ्या दिवशी मी पंखा लावायला बटणाकडे हात उचलला, आणि बाजूला उभी असलेली आठ वर्षांची मुलगी खाली वाकली. डोकं दोन्ही हातांत घेऊन. मी बटण न दाबताच उभा राहिलो. ती लगेच सरळ झाली, काही झालंच नाही असं दाखवत चपला शोधायला गेली. पण नंतर ते होतच राहिलं. फडताळावरून डबा काढताना, पडदा ओढताना, साधा आळस देताना. माझा हात वर गेला की ती खाली.

आता हात उचलायचा नाही असं मी ठरवलं. पण हात उचलला नाही म्हणून मुलं खोड्या थांबवत नाहीत, तेव्हा दुसरं काहीतरी हवंच.

आधी मी समजावून सांगायला लागलो. तिला समोर बसवायचं आणि शांतपणे बोलायचं. शांतपणे बोलताना मला फार सुचतं. भिंतीवर स्केचपेनने घोडा काढला या विषयावरून मी जबाबदारी, रंगाऱ्याचे कष्ट, माझं लहानपण असं करत साताऱ्याच्या आमच्या शाळेपर्यंत पोचलो. ती मधेच म्हणाली, "बाबा, त्यापेक्षा मार ना. पटकन संपतं."

स्वयंपाकघरात बायकोच्या हातातून झारा पडला. हसता हसता.

मग मी शिक्षेची जागा केली. वॉशिंग मशीन आणि भिंत यांच्यामधला कोपरा. चुकलं की तिथे बसून विचार करायचा. तिने पहिल्याच दिवशी तिथे उशी नेली, पुढे बॅटरी, मग गोष्टींची पुस्तकं. शनिवारी बघतो तर कोपऱ्यात दोन पोरं बसलेली आणि बाहेर एक उभं, ते खालच्या मजल्यावरचं. केस बऱ्यापैकी आले होते. "काका, माझा नंबर कधी येणार? मी पण चूक केलीय."

"आपल्या एव्हरशाईन सिटीत एवढी मोठी बाग आहे," बायको म्हणाली, "आणि सगळी पोरं आपल्या मशीनमागे. मशीन लावायचं तर आता अपॉइंटमेंट घ्यावी लागेल."

हे सगळं गमतीचं होतं, मीही हसत होतो. पण पोरगी अजून वाकत होती.

नाताळच्या सुट्टीत आम्ही सासुरवाडीला गेलो. सासुरवाडी म्हणजे काही लांब नाही, रेल्वेचा पूल ओलांडून पश्चिमेला, केळीच्या वाड्यांमध्ये. स्कूटरवर तिघं गेलो तरी बायको तिथे पोचल्यावर वेगळीच होते. घरी मला 'अरे' म्हणते, आईच्या अंगणात शिरली की 'अहो'. त्या दिवसांत सासूबाईंच्या अंगणात सुकेळी घालायचं काम चालू होतं. पिकलेली राजेळी केळी सोलून बांबूच्या चटयांवर उन्हात मांडायची, संध्याकाळी आत घ्यायची, सकाळी पुन्हा बाहेर. ती मधासारखी तपकिरी होईपर्यंत हेच. आणि तोवर कावळे, माश्या, शेजारची कोंबडी, सगळ्यांचा डोळा त्यांच्यावर.

त्यासाठी राखण. या घरची रीत अशी की ज्याने काही वावगं केलं तो राखणीला बसायचा. काठी घेऊन चटईजवळ. उठायचं नाही, केळं खायचं नाही, आणि त्याने काय केलं हे पुन्हा उगाळायचं नाही. ऊन उतरलं आणि केळी आत गेली की गुन्हाही मिटला. "माझं अर्धं बालपण कावळ्यांबरोबर गेलंय," बायको म्हणते, "आणि उरलेलं अर्धं केळं चोरून खाल्लं म्हणून पुन्हा त्यांच्याबरोबरच."

त्या दुपारी जेवताना मी तांब्या घ्यायला हात लांब केला. शेजारी बसलेली मुलगी ताटावर वाकली. केसांची टोकं आमटीत.

सासूबाई वाढताना थांबल्या. "कोन मारतं हिला?"

बायको भातात बघायला लागली.

"आता नाही मारत, आजी," मुलगी केसांवरची आमटी चाटत म्हणाली. "आता भाषण करतो."

सासूबाईंनी माझ्या ताटात आणखी एक मासा वाढला. मला वाटलं सुटलो. "नीट जेवा, जावई," त्या म्हणाल्या. "पानी प्या. मग राखनीला बसा."

"आई, अगं, जावई आहेत ते!" बायको म्हणाली, पण तिच्या आवाजात विरोध काही फारसा नव्हता.

"कावल्यांना काय कलतंय, जावई हाय का कोन हाय?"

मी बसलो. कडेला लाकडी पाट, हातात काठी, डोक्यावर सासऱ्यांची जुनी टोपी. कुंपणाच्या पलीकडून रस्ता जातो आणि त्या रस्त्यावरून सगळं गाव जातं. पहिल्याच बाई थांबल्या. "काय जावई, आज तुम्ही?"

मी सांगायच्या आत सासूबाई आतून ओरडल्या, "पोरीला मारलं त्यांनी! बसलेत!"

"असं होय," बाई म्हणाल्या, आणि मला नीट बघून पुढे गेल्या. मग सायकलवाला थांबला. मग कुणाचा तरी मामा. प्रत्येकाला आतून तेच उत्तर. माझे कान तापले, उन्हाने नक्कीच नाही. लोकांसमोर चेहरा कसा ठेवायचा हे मला समजेना. त्या दिवशी दारात शेजारणीसमोर उभ्या असलेल्या माझ्या मुलीलाही ते समजलं नसणार.

थोड्या वेळाने ती तपासणीला आली. "मान खाली घालू नकोस, बाबा. कावळे दिसणार नाहीत." आणि पाटावर माझ्या बाजूला बसली. मी घसा साफ केला. मनात वाक्य तयार होतं, चांगलं लांब, त्यात 'माझं चुकलं' सुरुवातीलाच होतं.

"राखणीत त्याबद्दल बोलायचं नसतं," ती म्हणाली. "आजीचा नियम आहे."

ती चटईकडे सरकली, इकडे तिकडे बघितलं, एक सुकेळं उचललं, अर्धं स्वतःच्या तोंडात आणि अर्धं माझ्या. मी चावलं. एवढ्यात कुंपणावरून दोन कावळे सरळ चटईवर उतरले, मी ताडकन उठून एकावर काठी उगारली, तिच्या डोक्यावरूनच.

ती वाकली नाही. "तो नाही, बाबा, तो दुसरा! त्याच्या चोचीत आहे!"

आम्ही दोघं अंगणभर धावलो. कावळा केळं घेऊन गेला. त्याचं मला अजिबात वाईट वाटलं नाही.

इथे थांबलो असतो तर गोष्ट फार छान झाली असती. पण सोमवारी सकाळी घरी, शाळेच्या घाईत, मी वरच्या फळीवरून तिचा डबा काढायला गेलो आणि ती पुन्हा वाकली. अर्धीच. मधेच तिच्या लक्षात आलं आणि ती ओशाळून हसली. मी डबा ओट्यावर ठेवला आणि जाऊन वॉशिंग मशीनच्या मागच्या कोपऱ्यात बसलो.

"अरे, आता काय केलंस?" बायको म्हणाली.

"राखण."

"बस येईल तिची!"

मुलगी कोपऱ्याशी आली. दप्तर पाठीवर, एक वेणी घातलेली, एक सुटी. गॅलरीतून कोवळं ऊन थेट तिच्या बुटांपर्यंत आलं होतं. तिने ते बघितलं, मग मला बघितलं, आणि हात पुढे केला.

"ऊन उतरलं," ती म्हणाली. "चल, ऊठ. वेणी घाल."