शकुनचे काकाजी

बोलणाऱ्याला अर्ध्या वाक्यात थांबवण्यात काकाजींचा हात धरणारा माणूस अख्ख्या लाखनीत नव्हता. काकाजी म्हणजे आमच्या शेजारचे छापखानेवाले. त्यांनी लग्न केलं नाही. घरात ते आणि धाकटी बहीण शकुन. शकुन बौद्धिक दिव्यांग होती. हे शब्दही काकाजींना फारसे पसंत नव्हते. "सरकारी कागदावर ठीक आहे. आपण तिले शकुन म्हणू. नाव कायले ठेवलं मंग?" एकदा टपरीवर एका ट्रकवाल्याने "ती येडी कोण?" असं विचारलं, तर त्याचा चहा खाली ठेवायला लावून काकाजींनी त्याच्याकडून "त्या ताई कोण?" हे तीनदा म्हणून घेतलं. तोवर चहावर साय धरली होती.

लग्नपत्रिकेत गाळलेलं भावंड तर त्यांना वासाने कळायचं. "थोरला पोरगा राहिला," ते वरपित्याला सांगत.

"त्याचं काय छापता काकाजी, तो तसा..."

"तसा म्हंजे कसा? जेवते ना तुमच्याच घरी?"

नाव छापलं जाईच. मग गिऱ्हाइकं पत्रिका छापायला गुपचूप शेजारची साकोली गाठू लागली. उरलेल्या पत्रिकांना शकुन हळदीची बोटं लावी, तीही कोपऱ्यात नाही, थेट नवरीच्या नावावर. "नाव वाचता नाही आलं तर लग्नाले येऊन विचारतील," एवढंच काकाजींचं म्हणणं.

खरं सांगतो, त्यांच्यासमोर शकुनविषयी बोलायची मला धास्तीच वाटे. चुकण्यापेक्षा विषय टाळलेला बरा. गावानेही तेच केलं.

मागच्या उन्हाळ्यात शकुन तापाने गेली. महिन्याभराने मी भेटायला गेलो. धानाच्या रोवणीच्या, पावसाच्या गप्पा झाल्या. मी उठलो तसे ते म्हणाले, "तू बी नाही बोलला."

"काय, काकाजी?"

"तिच्याबद्दल. सगळे येतात, चहा पेतात, धानाचं बोलून जातात. मी टोकीन म्हणून भेतात." मग दाराची चौकट धरून हळूच म्हणाले, "येडी म्हण लेका, मी काही म्हणत नाही. पण बोल."

मी चपला काढून परत बसलो. वीस वर्षांच्या शेजारात मी शकुनशी एकदाही धड बोललो नव्हतो. सांगायला माझ्याजवळ काहीच नव्हतं.