बाबांना मराठीत सांगितलेला अध्यक्ष

अमेरिकेच्या एका जुन्या अध्यक्षावर मी लिहावं हे जरा धाडसच आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि इतिहासाच्या एका कोर्सपलीकडे माझं वाचन नाही. म्हणून आधीच माफी मागतो. पण बाबांना त्याची गोष्ट मीच सांगितली होती.

बाबा इथे अमेरिकेत, अर्विंग शहरातल्या एका रेस्टॉरंटच्या किचनमध्ये पोळ्या लाटतात. आत्याने केलेल्या अर्जावर आम्ही इकडे आलो, तेव्हा ताईने एकविशी ओलांडली होती, आणि त्या वयापुढच्या मुलांना आईवडिलांबरोबर येता येत नाही. ती नाशिकलाच राहिली, पुढे तिचं लग्न झालं. आता बाबा इथले नागरिक झाल्याशिवाय लग्न झालेल्या मुलीला बोलावण्यासाठी अर्जही करता येत नव्हता.

त्यांच्या नागरिकत्वाच्या मुलाखतीसाठी मी रोज दुपारी प्रश्न समजावून द्यायचो. मराठीतूनच. एकदा समजलं की इंग्रजी जमेल, असं मला वाटायचं. त्या अध्यक्षाने कोणतं मोठं काम केलं, एवढंच प्रश्नांच्या यादीत होतं. बाबांना मात्र सगळं हवं असायचं. लाकडी ओंडक्यांच्या खोपटातला जन्म, लहानपणीच गेलेली आई, जेमतेम शाळा, उसनी आणलेली पुस्तकं.

"आणि निवडणुकीत पडला?"

"पडला. पुन्हा उभा राहिला, पुन्हा पडला."

"बायको काही बोलली नाही? तुझी आई तर मला दुसऱ्यांदा फॉर्मच भरू देणार नाही!"

मुलाखतीत अधिकारी बाईंनी इंग्रजीतून नेमकं त्याच्याबद्दलच विचारलं. बाबा म्हणाले, "आय नो हिम." पुढे शब्द येईनात. इतर प्रश्नांनाही तसंच झालं. गाडीत बसल्यावर ते हळूच म्हणाले, "गुलामांना सोडवलं त्याने. मला येत होतं रे." मी किल्ली लावली, पण फिरवली नाही.

त्या अर्जावरची दुसरी आणि शेवटची संधी मिळाली, तोवर मी कॉलेजसाठी दूर गेलो होतो. फोनवर इंग्रजीतून घोकून घेतलं, पण ते कंटाळून "हो हो" म्हणायचे. मुलाखतीनंतर आठवडाभर "कळवतील" एवढंच सांगत राहिले.

शेवटी आईचा फोन आला.

"त्यांना तिथल्या तिथेच सांगितलं होतं. पुन्हा नापास. अर्ज नाकारला."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तुझी परीक्षा होती ना. आणि ताईला तूच सांग म्हणतात. तुला समजावून सांगता येतं, म्हणतात."