आठवी लेन

लहान कॉलेजांच्या वार्षिक मैदानी स्पर्धेची बातमी मी बरीच वर्षं केली. मैदानावर फक्कीने लेन आखणारा माणूस दर वर्षी तोच असे. नाव मी कधी विचारलं नाही. प्रत्येक रेघ झाली की तो पायजम्याला हात पुसून, एक डोळा मिटून ती पाहत असे.

स्पर्धा भरवणाऱ्या संघाच्या आठ सदस्य कॉलेजांसाठी आठ लेन होत्या आणि संचलनाला प्रत्येक कॉलेज आपापल्या लेनमध्ये उभं राही. पुढे खडकीचं कॉलेज दुसऱ्या गटात गेलं, वाघोलीचं नवं आलं. होता होता जुन्यांपैकी आठव्या लेनमधलं बुधवार पेठेतलं एकच उरलं, तिथेही धावणाऱ्या मुली दोनच. संचलनाला गैरहजर राहणाऱ्याचं सदस्यत्व रद्द होत असे.

एका वर्षी संचलनाची वेळ झाली तरी त्या दोघी आल्या नव्हत्या. लेन आखणाऱ्याने आखून झालेली आठवी लेन पायाने पुसली आणि पुन्हा आखायला घेतली.

“अहो, झाली होती ना?” संघाचे सचिव ओरडले.

“वाकडी होती.”

“किती वेळ लागेल?”

“सरळ हवी असेल तर लागेल.”

सचिव घड्याळ पाहत राहिले. शेवटी चेन तुटलेली सायकल ढकलत दोघी फाटकातून धावत आल्या. त्या आठव्या लेनमध्ये उभ्या राहिल्यावर त्याने फक्कीचा डबा खाली ठेवला.

“इतकी वर्षं आखतोय,” माझ्याकडे न बघता तो म्हणाला, “वाकडी कधी आली नाही.”

बातमीत मी लिहिलं: संचलन वीस मिनिटं उशिरा सुरू झालं, आठही कॉलेजं हजर होती.