शेजारणीचा आवाज

माझी शेजारीण दुपारभर खिडक्या लावून, पंखा बंद करून मराठी वाक्यं वाचत बसते. परदेशातल्या एका कंपनीला आपली यंत्रं मराठीत बोलकी करायची आहेत, म्हणून तिचा आवाज हवाय. एकच वाक्य आधी साधं, मग आनंदानं, मग रागानं. "तुमची गाडी दारात आली आहे." भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू येतं.

बाई मूळची पिशोर गावची. नवीन राहायला आली तेव्हा 'लई' आणि 'व्हय'शिवाय तिचं वाक्य पुरं व्हायचं नाही. कंपनीनं ते सगळं काढायला लावलं. आता शहागंजच्या बाजारात भाजीवाल्याशीही ती त्या वाचायच्या वाक्यांसारखंच बोलते, आणि वाक्य संपलं की थांबते, पलीकडून कंपनीचं कुणी 'ठीक' म्हणेल याची वाट बघितल्यासारखी.

परवा मी तिच्याकडे चहाला गेले होते. तिच्या आईचा फोन आला. तिनं स्पीकर लावला.

"आई, मी बोलते आहे."

"ताई, माझ्या लेकीला द्या ना फोन."

"आई, मीच आहे," ती आनंदानं म्हणाली. मग तेच रागानं म्हणाली.

"बरं ताई, ती आली की सांगा."

तिनं ओठ हलवून पाहिले, पण जुना आवाज काही निघेना. शेवटी तिनं फोन माझ्यापुढं धरला. "कृपया तुम्ही बोला."

माझ्या तोंडून निघून गेलं, "व्हय माय, मीच हाय."

"कुठं व्हतीस गं इतके दिस?" म्हातारीला रडू फुटलं. मग आवाज अगदी बारीक करून तिनं विचारलं, "अन् ती बाई कोण हाय गं तुझ्या घरात?"