आक्कांची उलटी टीप

दीड महिना झाला. नांदेडला मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते, तेवढ्यात गावाकडून पुतण्याचा फोन आला. "काकू, आई गेली." आक्का लिंगैक्य झाल्या... मी ओल्या कपड्यांशेजारीच खाली बसले. खूप रडले, पण रडता रडता मधेच हसूही आलं. त्याला इलाज नव्हता. आक्कांची आठवण हसू सोडून येतच नाही.

आक्का म्हणजे शिवकांता, माझ्या थोरल्या जाऊबाई. मी लग्न होऊन उदगीरजवळच्या त्या गावी आले ते बहात्तरच्या दुष्काळात. मॅट्रिक पास होते, पण साधं बटण लावता येत नव्हतं. पहिल्याच आठवड्यात सासऱ्यांच्या सदऱ्याचं बटण लावायचं काम माझ्याकडे आलं. मी मांडीवर सदरा घेऊन अगदी मन लावून ते शिवलं आणि उठले, तर सदराही माझ्याबरोबर उठला! बटण सदऱ्यासकट माझ्या लुगड्यालाच शिवलं गेलं होतं. आक्का चुलीपासून पळत आल्या आणि हसून हसून भिंतीला टेकल्या. "अगं, मामंजीचा सदरा हाय तो, कुठं घेऊन चाललीस?"

दुसऱ्या दिवसापासून माझी शाळा सुरू झाली. विहीर आटलेली, रानात काम नाही. दुपार अख्खी मोकळी. धान्याच्या पोत्याचं तोंड ज्या दोऱ्यानं शिवलेलं असे, तो आक्का न तोडता एका ओढीत सरसर काढून घेत. तोच आमचा शिकण्याचा दोरा, आणि जुन्या धोतराचा तुकडा हे कापड. "दोरा हातभरच घ्यायचा, लांब घेतला की गुंततो," हा पहिला धडा. मग धावदोरा, नुसती सुई वर-खाली करत पुढं जायचं. मग तुरपाई, काठ दुमडून असा बारीक टाका धरायचा की सुलट्या बाजूनं दिसताच कामा नये. आणि सगळ्यांत शेवटी उलटी टीप. प्रत्येक टाक्याला सुई एक पाऊल मागं घालायची, दोन पावलं पुढं काढायची. "ही टीप उसवत न्हाई बघ," असं म्हणून त्या दोन्ही हातांनी कापड ताणून दाखवत.

गावाबाहेर दुष्काळी कामावर खडी फुटत होती. तिथल्या बायकांच्या चोळ्या खांद्यावर फाटत. एक बाई पाणी मागायला आली आणि आमचं बघत ओसरीवरच बसली. आक्कांनी तिच्या हातात सुई दिली. चार दिवसांत दुपारच्या सुट्टीला दहा-बारा जणी जमू लागल्या. हातांना घट्टे पडलेले, सुई चिमटीत धरवत नसे, पण हसणं एवढं चाले की सासरे बैठकीतून विचारत, "काय नाटक लावलंय गं?"

पुढं काही वर्षांनी लातूर जिल्हा झाला. नव्या कचेऱ्या, नव्या पाट्या आल्या, आणि बायकांसाठी शिवणवर्ग निघाला. शिकवायला बाई पाहिजे होती. आक्का तेव्हा चाळिशीत. भाऊजी, म्हणजे आक्कांचे मालक, म्हणाले, "तुला मशीन येत न्हाई. कशाला हसं करून घेतीस?" दुसऱ्या दिवशी सकाळी आक्का मला म्हणाल्या, "तू संगं चल."

एसटीनं उदगीरला मुलाखतीला गेलो. तिथं सर्टिफिकेटवाल्या मुली रांगेत बसलेल्या. अधिकारी बाईंनी आक्कांना मशीनवर बसायला सांगितलं.

"मला मशीन येत न्हाई."

"मग आलात कशाला?"

आक्कांचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, आता उठतील. पण त्या म्हणाल्या, "दहा मिनिटं द्या, बाई." एका मुलीला त्यांनी मशीनवर टीप मारायला लावली, स्वतः तसल्याच तुकड्यावर हातानं उलटी टीप घातली. मग दोन्ही तुकडे सुलटे करून टेबलावर ठेवले. "ओळखा बरं, मशीनची कोणती?"

बाईंनी चष्मा पुसला, बराच वेळ पाहिलं आणि बोट ठेवलं... आक्कांच्या तुकड्यावर! उलटून बघितल्यावर त्या स्वतःच एवढ्या हसल्या की शिपाई आत डोकावला.

जागा सर्टिफिकेटवालीलाच मिळाली, ते बरोबरच होतं. पण आठवड्यातले तीन दिवस हातशिलाई शिकवायला आक्कांना बोलावणं आलं. वर्गाच्या त्या नव्या मॅडमना आक्कांनी बटणांची काजं करायला शिकवलं, आणि मॅडमनी आक्कांना मशीन. म्हातारपणापर्यंत गावोगावच्या मुली आक्कांच्या हाताखालून गेल्या.

आक्का गेल्यावर त्यांच्या नावानं जेवण होतं, त्या दिवशी दुपारी वारा सुटला आणि मांडवाचं कापड टर्रकन फाटलं. पंगत बसलेली. पुतण्या मांडववाल्याला फोन लावू लागला, तोवर कुठून कुठून आलेल्या सहा-सात बायका पानावरून उठल्या. कुणाच्या पर्समधून, कुणाच्या गळ्यातल्या पोतीच्या पिनेपासून, अशा सुया निघाल्या. बाकांवर चढून दोन्ही टोकांकडून शिवायला लागल्या. एकमेकींना ओळखतही नव्हत्या, पण सगळ्यांचे हात एक पाऊल मागं, दोन पावलं पुढं.

"ए, टाका लई लांब टाकलीस," एकीनं दुसरीला दटावलं. "उसव, आणि परत घाल."

हुबेहूब आक्कांचा आवाज... सगळा मांडव हसला, आणि मीही.