पेशकारांचं मनगट

निजामाच्या काळात आदिलाबादच्या तहसिलीत माझ्याशेजारी बसणारे पेशकार मनगटाला ऊदाचं काळं अत्तर लावत. सकाळी त्याला गोठ्याचा आणि डांबराचा वास यायचा. जैनथहून आलेली माणसं दारातूनच अर्ज पुढे करायची. दुपारी तो धुपावर यायचा आणि कचेरी सुटताना इतका गोड व्हायचा, की मी उगाच त्यांच्यापाशी घुटमळायचो.

दर तासाला ते मनगट माझ्या नाकाखाली धरत. "आता कसा येऊन राह्यला?" मला वाटायचं, मिरवतात.

एका दुपारी त्यांच्या विडीची ठिणगी टेबलाखालच्या बस्त्यावर पडली. कागद जळू लागले, तरी पेशकार लिहीतच होते. मी नाक वर केलं, तसं मनगट पुढे आलं. "आता?"

"जळका येऊन राह्यला, साहेब!"

"थांबा जरा. संध्याकाळपर्यंत गोड होते."

मी सुरईतलं पाणी बस्त्यावर ओतलं. खालून धूर आला, तेव्हा ते ओशाळले.

"देवी निघाल्या तवापासून मले वासच येत नाही," ते हळूच म्हणाले. "घरची म्हन्ते, संध्याकाळी लई गोड येते. खरंच येते का हो?"

"खरंच येते."

खुशीत त्यांनी मनगटावर आणखी थोडं अत्तर चोळलं, आणि भर दुपारी कचेरीत पुन्हा सकाळ झाली.