गाठोडं न सोडता केलेली सही

चिमटीला काम मी शिकवलं, तेव्हा झाल्या प्रकारातला पहिला दोष माझ्याच पदरात पडतो. तसं मला कोणी म्हटलेलं नाही. म्हटलं असतं तर मी भांडले असते आणि भांडून मोकळी झाले असते.

आमची हॉस्पिटलची लाँड्री तळघरात आहे. वॉर्डांतून मळके कपडे चादरीत बांधून येतात आणि गाठीला चिठ्ठी अडकवलेली असते: इतक्या चादरी, इतके अभ्रे, इतके गाउन. खिडकीवरच्या बाईने चिठ्ठी वाचायची, सही करायची आणि गाठोडं मागे मशीनकडे ढकलायचं. खिडकीत ते सोडायचं नाही. आत रक्त असतं, पू असतो, कधी चुकून राहिलेली सुई असते. आकडा कमी भरला तर वॉर्ड निस्तरेल. पहिल्या दिवशी चिमटी गाठ सोडून मोजायला बसली, तेव्हा मी तिच्या हातावर चापट मारली होती. म्हटलं, चिठ्ठी बघ, सही कर, पुढे ढकल, जास्त शहाणपणा नको. पुढची बावीस वर्षं तिने तेच केलं.

अंगाने ती एवढीशी, आणि एप्रनच्या पट्ट्याला कपडे वाळत घालायचे चार चिमटे कायम लावलेले, म्हणून चिमटी. तोंडात मिठाची गुळणी धरलेली. मी बोलायचं आणि तिने ऐकायचं, असं आमचं वाटून घेतलेलं होतं. तिचा नवरा इमारतींना रंग द्यायचा. शिडीवरून पडला आणि कमरेखाली लुळा झाला, तो पलंगालाच खिळला. एक मुलगी आहे, अठरा वर्षांची. हॉस्पिटलच्या मागे कर्मचाऱ्यांच्या चाळीत तळमजल्यावरच्या दोन खोल्या चिमटीच्या नावावर होत्या. नोकरी गेली की महिन्याभरात खोल्या सोडायच्या, असा नियम. हे आधीच सांगून ठेवते, कारण तिने जे काही केलं ते या दोन खोल्यांसाठी. तत्त्वबित्त्व तिच्या गावीही नव्हतं.

तर लसीचा हुकूम निघाला. एका महिन्यात लस घ्या, नाहीतर नोकरी सोडा. समोरच्या शाळेतही शिक्षकांना तसाच कागद आला. मी दुसऱ्या दिवशी जाऊन टोचून घेतली, दंड दुखला म्हणून सिस्टरच्या नावाने दोन दिवस बोटं मोडली आणि विषय संपवला. चिमटी गेली नाही. लाँड्रीत तिची थट्टा सुरू झाली की बाई सुईला भिते. मीही हसले, खोटं कशाला बोलू.

मग एक दिवस कपड्यांच्या घड्या घालता घालता तिने मला सांगितलं. मुलीच्या वेळी ती बाळंतपणाला आईकडे गेली होती. तिथल्या हॉस्पिटलात एक इंजेक्शन दिलं आणि पाच मिनिटांत घसा सुजून बंद झाला, ओठ काळे पडले. डॉक्टरने अक्षरशः ओढून परत आणलं. निघताना तो म्हणाला होता, पुन्हा कुठलीही सुई घेण्याआधी हे सांगायचं, विसरायचं नाही. तेव्हापासून तिने सुई घेतलीच नव्हती. दाढ काढली तीसुद्धा बधिर न करता. मुलीच्या सगळ्या लसी मात्र वेळच्या वेळी देऊन त्यांचं कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं. भित्री म्हणून हसलेल्या तोंडाची त्या दिवशी मला फार लाज वाटली.

हुकमात वैद्यकीय कारणाला सूट होती, पण डॉक्टरचा दाखला हवा होता. ती त्या जुन्या हॉस्पिटलात जाऊन आली. तिथे पाइप फुटून जुन्या कागदांचा कधीच लगदा झाला होता. आमच्याकडे अशा त्रासाची तपासणी करणारे एकच मोठे डॉक्टर, आणि त्यांची तारीख अडीच महिन्यांनंतरची. मुदत एका महिन्याची.

नेमकं त्याच आठवड्यात कँटीनमध्ये वकील आला. आमच्यातले काही आणि त्या शाळेतले काही शिक्षक, असे चाळीस जण मिळून हुकमाविरुद्ध कोर्टात जाणार होते. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, पण पाण्यात पडलेल्याला कोण शहाणपण शिकवणार? चिमटीने वकिलाला आपला घसा, ओठ, सगळं सांगितलं. त्याने नीट ऐकून घेतलं. म्हणाला, एकेकाचं दुखणं घेऊन गेलो तर कोर्ट एकेकाला वेगळं काढेल. आपण मूळ नियमालाच हात घालू. माणूस वाईट नव्हता. असता तर बरं झालं असतं, शिव्या तरी देता आल्या असत्या.

आठ दिवसांनी कोर्टात द्यायच्या शपथपत्राचे कागद आले. दोरा ओवलेला जाडजूड गठ्ठा आणि वर चिठ्ठी: पानं बासष्ट, प्रत्येक पानावर खाली उजवीकडे सही. चिमटी माझ्या शेजारीच बसली होती. तिने पानं मोजली. बासष्ट भरली. चिठ्ठीशी आकडा जुळल्यावर तिने एकामागून एक सह्या केल्या, एका ओळीत, एका मापाच्या, आणि गठ्ठा पुढे ढकलला. बाकीचे चाळून, कुजबुजून, घोटाळे करून सह्या करत होते. माझ्या हाताखालची बाई किती पटापट काम उरकते, याचा मला अभिमान वाटला होता.

कोर्टाने हुकमाला तात्पुरती स्थगिती दिली. सात महिने चिमटी कामावर राहिली. मोठ्या डॉक्टरांची तारीख आली तेव्हा नवऱ्याला पाठीला जखम होऊन ताप चढला होता. स्थगिती आहेच म्हणून तिने ती सोडली. मग निकाल लागला. हॉस्पिटलात आजारी माणसं आणि शाळेत मुलं असतात, तेव्हा हुकूम योग्य. मात्र ज्यांना खरंच वैद्यकीय कारण आहे त्यांना सूट द्यावीच लागेल. कोर्टात गेलेल्यांना पंधरा दिवसांची मुदत. बाकीचे एकोणचाळीस तोंड पाडून बसले. चिमटी एकटी हसत खिडकीवर आली. म्हणाली, ताई, मला हवं होतं तेवढं मिळालं.

अर्ज घेऊन ती वर प्रशासन अधिकाऱ्यांकडे गेली, मला सोबत घेऊन. साहेबांनी अर्ज वाचला, मग कपाटातून त्या बासष्ट पानांच्या गठ्ठ्याची कोर्टातून आलेली प्रत काढली आणि त्यातलं अकरावं कलम आम्हाला वाचून दाखवलं. आम्ही सर्व अर्जदार निरोगी असून आमच्यापैकी कोणासही लसीबाबत वैद्यकीय अडचण नाही. आमचा आक्षेप केवळ तत्त्वाचा आहे. खाली चिमटीची सही, नीटनेटकी. साहेबांनी विचारलं, यातलं खोटं कुठलं? शपथेवरचं खोटं असेल तर ती वेगळी केस होईल. ते खरं असेल तर हा अर्ज खोटा. आवाज त्यांनी चढवला नाही. तिच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला आणि अर्जावर 'नामंजूर' लिहिलं.

जिन्यात ती खाली बसली. वकिलाला फोन लावला तर तो म्हणाला की सही करताना सांगायला हवं होतं, आता वरच्या कोर्टात जाऊ, वर्ष लागेल. फोन ठेवल्यावर तिने माझ्याकडे बघितलं.

"ताई, मी पानं मोजली होती," ती म्हणाली.

मी तिचा हात हातात घेतला. त्याच हातावर मी चापट मारली होती.

पुढचे बारा दिवस ती रोज मोठ्या डॉक्टरांच्या बाकावर जाऊन बसायची, कोणी पेशंट आला नाही तर आपल्याला आत घेतील म्हणून. एकाही पेशंटची तारीख चुकली नाही. नवी तारीख पुन्हा दोन महिन्यांनंतरचीच मिळाली. तिने भाड्याच्या खोल्याही बघितल्या. परवडणाऱ्या सगळ्या वरच्या मजल्यांवर, जिने असे अरुंद की पलंग वळायचा नाही आणि नवराही नाही. तेराव्या दिवशी तिने मला सांगितलं की उद्या ती लस घेणार.

मी तिला वेड्यात काढलं. ओरडले, विनवलं, पुन्हा ओरडले. ती घड्या घालत राहिली.

"वाचले तर खोल्या राहतील," ती म्हणाली.

"आणि नाही वाचलीस तर?"

"नोकरीत असताना मेलं तर जागेवर मुलीला घेतात, खोल्याही तिच्या नावावर होतात. तो नियम मी या वेळी पूर्ण वाचलाय ताई. दोनदा वाचला." मग म्हणाली, "तू सोबत ये. फक्त तोंड उघडू नकोस."

मी गेले. हो म्हणाले होते, आणि खरंच गप्प राहायचं ठरवून गेले होते. इकडे आड, तिकडे विहीर, आणि उडी तिला मारायची होती, मला नाही.

सिस्टर छापील यादी वाचून एकेक प्रश्न विचारत होती. ताप आहे का? नाही. कुठली गोळी चालू आहे? नाही. याआधी कधी इंजेक्शन घेतल्यावर सूज, श्वास अडकणं, असं काही?

"नाही," चिमटी म्हणाली.

सिस्टरने खूण केली. चिमटीने बाही वर गुंडाळली आणि ती घसरू नये म्हणून एप्रनचा एक चिमटा काढून तिला लावला. रोज कपड्यांना लावायची तसाच, न बघता. सिस्टरने कापूस फिरवला. तो चिमटा बघून माझं सगळं ठरवलेलं वाहून गेलं.

"आहे. हिला झालं होतं," मी म्हणाले.

चिमटीने मान वळवली. "ताई, गप्प बस."

मी बसले नाही. घसा, ओठ, त्या डॉक्टरचे शब्द, बधिर न करता काढलेली दाढ, सगळं ओकून टाकलं. सिस्टरने सुई ट्रेमध्ये परत ठेवली आणि फॉर्मवर लिहिलं: लस दिली नाही, सोबतच्या बाईने जुना त्रास सांगितला, तपासणीस पाठवावे. तो कागद घेऊन मी धावत साहेबांकडे गेले. ते म्हणाले, त्रास तुम्ही सांगताय, त्या स्वतः इथेही नाहीच म्हणाल्यात, आणि शपथही त्यांचीच. सोळाव्या दिवशी तिचं नाव पटावरून कमी झालं.

ती जिवंत आहे असं मी रोज स्वतःला सांगते. लस घेऊन ती मेली असती की धडधाकट घरी गेली असती, हे मला ठाऊक नाही, आणि कधी कळणारही नाही. खोल्या गेल्या एवढं मात्र नक्की माहीत आहे. त्या मी घालवल्या.

सामान परत करायला ती महिन्याच्या शेवटी आली. सगळं एका चादरीत बांधून आणलं होतं. मी यादीचा कागद पुढे केला: एप्रन, कपाटाची किल्ली, बूट, ओळखपत्र. तिने खिडकीतच गाठोडं सोडलं. एकेक एप्रन उलगडून मोजला, बूट उलटे करून बघितले, मग यादीवर बोट ठेवून पहिल्या ओळीपासून वाचायला लागली. यादीत एप्रन पाच लिहिले होते आणि निघाले चार. तिने बोट तिथेच ठेवलं. मी पाचाचे चार केले आणि शेजारी सही केली. तिने पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मागे वॉर्डांची गाठोडी साचत होती, माणसं चुळबुळत होती. मी तिला घाई केली नाही.